अ‍ॅम्प्लिफायर घेताना वॉट शेवटी पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या पुरवण्यांतल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातींत बाकी काही असो नसो, वॉटचा आकडा ठळक असतो. कुठे १००० वॉट, कुठे ५०००. शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेले असते, कधी तेही नसते. हा आकडा कसा मोजायचा याचे ठरलेले असे एक प्रमाण नाही, त्यामुळे त्यावर शून्ये वाढवायला कोणाची आडकाठी नाही. घरच्या स्टिरिओसाठी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (सिग्नल निवडणारा ‘प्री’ आणि स्पीकर चालवणारा ‘पॉवर’ हे दोन्ही भाग एकाच डब्यात असलेला) घेणारे बरेच जण याच आकड्याला भुलतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या असेंबल्ड अ‍ॅम्पचे झाकण काढायला लावा आणि ट्रान्सफॉर्मरवरचा शिक्का वाचा. समजा १२-०-१२, ५ अँपिअर आहे. १२ व्होल्ट एसीचे रेक्टिफाय होऊन साधारण १७ व्होल्ट डीसी होतात. स्पीकरचा लोड आल्यावर आणि आवाज वाढवणाऱ्या आयसीमध्ये (चिपमध्ये) मिळून तीनेक व्होल्ट जातात, उरतात १४. चौदाचा वर्ग १९६, त्याला १६ ने (स्पीकरचा रोध ८ ओहम, त्याच्या दुपटीने) भागा. एका चॅनेलला १२ वॉट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी खरी ताकद. समोरच्या पट्टीवर काय छापले आहे याच्याशी या गणिताला देणेघेणे नाही.

गंमत म्हणजे १२ वॉटही अगदीच टाकाऊ नाहीत. आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा. ८६ डीबी लिहिले असेल तर १ वॉटला १ मीटरवर ८६ डेसिबल. १० बाय १४ च्या खोलीत आपण अडीच मीटरवर बसतो. अंतरामुळे ८ डीबी जातात, दुसरा स्पीकर आणि भिंती त्यातले चार-पाच परत देतात. म्हणजे बसल्या जागी ८२-८३. तबल्याची खणखणीत थाप नीट यायला क्षणभर ९५-९६ पर्यंत जावे लागते, त्याला २० वॉट पुरतात. थोडी राखीव ताकद धरून ४० घ्या. चाळीसचे ऐंशी केलेत तर फक्त ३ डीबी वाढतात; आवाज कानाला दुप्पट वाटायला १० डीबी, म्हणजे दहापट वॉट लागतात. चाळीस आणि पन्नास वॉटमधल्या फरकासाठी पाच-दहा हजार जास्त मोजणे शहाणपणाचे नाही.

उलट फार तोकडा अ‍ॅम्पही नको. ताकद संपल्यावर तो लाटांचे शेंडे कापतो. त्या कापाकापीतून निघणारे वरचे स्वर ट्वीटरवर जातात आणि त्याची बारीक कॉइल जळते. ‘एवढ्या छोट्या अ‍ॅम्पने स्पीकर कसा उडाला?’ असे गिऱ्हाईक विचारते, त्याचे हे उत्तर.

पैसे द्यायचे ते पॉवर सप्लायसाठी. माहितीपत्रकात ८ ओहमवर ५० आणि ४ ओहमवर ८० वॉट किंवा जास्त असे असेल, तर ट्रान्सफॉर्मर दमाचा आहे. ८ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकरही काही स्वरांना पाच-सहा ओहमपर्यंत उतरतो, तेव्हा हाच दम कामी येतो. ‘ए+बी’वर स्पीकरच्या दोन जोड्या एकदम वाजवायच्या असतील तर बहुतेक अ‍ॅम्पमध्ये त्या समांतर जोडल्या जातात आणि आठाचे चार ओहम होतात. मागच्या बाजूला किमान किती ओहम चालतात ते छापलेले असते, ते वाचल्याशिवाय दुसरी जोडी लावू नये.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची परीक्षा ‘घूं’ची. सप्लायचा फिल्टर कंडेन्सर कमकुवत असेल तर १०० हर्ट्झची घरघर येते. पांढरी पाच सुरात गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ९८ हर्ट्झवर असतो. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. तार उतरली आहे असे वाटते, पण तंबोरा सुरात असतो, दोष अ‍ॅम्पचा असतो. म्हणून दुकानात ढोलताशे लावून अ‍ॅम्प तपासू नका. स्पीकरशिवाय काहीच न जोडता, आवाज नेहमीच्या जागी ठेवून, वूफरला कान लावा. घूं आवाजाच्या बटणाबरोबर वाढत नसेल तर दोष सप्लायचा. वाढत असेल आणि घरी आल्यावरच सुरू झाला असेल तर एकेक केबल काढत जा. पुष्कळदा सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलची वायर अर्थचा दुसरा रस्ता तयार करते. ती काढून पाहिली की निदान होते. अर्थची पिन मात्र कधीही कापू नये.

बाकीचे थोडक्यात. तबकड्या वाजवायच्या असतील तर फोनो इनपुट आहे ना ते पाहा. तबकडीवरच्या सुईचे नेहमीचे (एमएम) कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देते आणि सीडी प्लेअर २ व्होल्ट, त्यामुळे ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) तबकडी कुजबुजते. टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडून आवाजच आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी ‘पीसीएम’ करा. स्पीकरच्या पाच मीटर वायरला अडीच चौरस मिमीचे तांबे उत्तम, दीडही चालते. त्यापुढे वायरवर पैसे उधळू नयेत. शोकेसच्या बंद कप्प्यात अ‍ॅम्प कोंबू नका, वर १०-१५ सेंमी मोकळे हवे. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प इथे थेट लावला तर जळतो. जुना घेताना सोर्स बंद, आवाज शून्य ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसला तर तो तिथेच ठेवून या.

अमेरिकेत १९७४ पासून अ‍ॅम्पच्या जाहिरातीतले वॉट कसे मोजायचे याचा नियम आहे. २०२४ मध्ये तो नेमका केला गेला: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती (डिस्टॉर्शन) १ टक्क्याहून कमी. तेवढे काटेकोर आपण उद्याच होऊ असे नाही. पण आपल्या जाहिरात विभागाने वॉटचा आकडा छापण्यापूर्वी ‘एका चॅनेलला की सगळे मिळून, किती ओहमवर, किती विकृतीला’ एवढे जाहिरातदाराला विचारावे, आणि उत्तर आले नाही तर तो आकडा वगळून बाकीची जाहिरात छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे