त्याच गावाला पुन्हा या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या शहर पुरवणीत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची बरीच छायाचित्रे आली. कुठे वृक्षारोपण, कुठे वह्यावाटप, कुठे गोदाघाटाची स्वच्छता. ती पाहून बरे वाटते. आठवडाभर तीन पाळ्यांत राबलेला माणूस सुट्टीच्या दिवशी फावडे हातात घेतो, ही साधी गोष्ट नाही. मी स्वतः सातपूर एमआयडीसीत ३१ वर्षे मेंटेनन्स फिटर म्हणून काम केले आणि अशा उपक्रमांत भरपूर सहभागी झालो. म्हणूनच चार शब्द लिहावेसे वाटले.

अशा एका छायाचित्रात मीही होतो. जुलै महिना, झिमझिम पाऊस, त्र्यंबक रस्त्याजवळची एक टेकडी. खड्डे आधीच खणून ठेवलेले होते. आम्ही दीडेकशे रोपे लावली, बॅनरमागे उभे राहून फोटो काढला, वडापाव खाल्ला आणि बसने परत आलो. पुढच्या मार्चमध्ये त्याच रस्त्याने नातेवाइकांकडे जात होतो, म्हणून मुद्दाम टेकडीवर चढलो. बहुतेक आळ्यांत नुसती काडी उरली होती. त्यातली एक ओढली तर अलगद हातात आली. खाली मुळांभोवती रोपवाटिकेची काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच होती. मुळे आतल्या आत गोल फिरून त्यांची चुंबळ झाली होती. पिशवी फाडून मगच रोप लावायचे, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. आठवडाभराने आमच्यातला एक जण जरी पुन्हा तिथे गेला असता, तरी निम्मी रोपे वाचली असती. त्या काडीने मला जे शिकवले ते एवढेच: जिथे गेलात, तिथे पुन्हा जा.

१ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे कायद्याने बंधनकारक आहे. कारखाना ज्या भागात आहे त्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. मात्र कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशात मोल करून ते या २ टक्क्यांत धरता येत नाही. मला हे फार योग्य वाटते. पैसा कायद्यापोटी जातो. माणसाचा शनिवार मात्र त्याने स्वखुशीने दिलेला असतो. तो वाया जाऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

निवृत्तीनंतर आम्ही सात-आठ जण पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर जातो. तिसरे वर्ष चालू आहे. हा पाडा आम्हाला दाखवला तो आमच्याच खात्यात काम करणाऱ्या एका ठेकेदारी कामगाराने. कंपनीच्या उपक्रमांची यादी निघायची तेव्हा त्याचे नाव कधीच नसायचे, कारण तो कंपनीच्या पटावर नव्हता. पण गाव त्याचे, बोली त्याची, कोणता झरा फेब्रुवारीत आटतो आणि कोणता एप्रिलपर्यंत टिकतो हे त्याला तोंडपाठ. सातपूर-अंबडमध्ये पेठ, सुरगाणा, हरसूलकडची अशी किती तरी मुले राबत आहेत. कोणत्या गावाला जायचे आणि तिथे काय करायचे, हे कंपनीने आधी त्यांना विचारावे. आणि त्यांना सोबत न्यायचे असेल तर त्या दिवसाची हजेरी भरावी. रोजंदारी बुडवून सेवा करायला लावणे बरोबर नाही.

पाड्यावरच्या शाळेत एका कंपनीने दिलेले पाणी शुद्ध करायचे आरओ यंत्र होते. छान स्टीलची टाकी, त्यावर देणाऱ्याचे नाव. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होते. गुरुजी म्हणाले, तीन महिने चालले. मग फिल्टर बदलायला नाशिकहून माणूस येईना. आम्ही उघडून पाहिले तर पहिली कँडल गाळाने गच्च झाली होती. खरे तर तिथे आरओची गरजच नव्हती. आरओ लागते क्षारांच्या पाण्याला. या विहिरीचे पाणी डोंगरातून झिरपून येणारे, गोडे. अडचण होती ती गढूळपणाची आणि जंतूंची. शिवाय आरओमध्ये एक हंडा पाणी शुद्ध होताना त्याहून जास्त पाणी वाया जाते. ज्या विहिरीवरून बाया डोक्यावर पाणी आणतात, तिथे असे यंत्र बसवताना कुणीतरी त्यांना विचारायला हवे होते. आम्ही टाकीत वाळू आणि खडीचे थर टाकून साधी गाळणी बसवली, ग्रामपंचायतीकडून जंतू मारणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळवली आणि ती किती टाकायची हे भिंतीवर रंगाने लिहून ठेवले. गळणारा नळ बदलला. फिटरच्या हाताला हे रोजचेच काम, खर्चही अगदी थोडा. कंपनीतल्या माणसाकडे त्याचे कसब असते. त्याला झाडू द्या, हरकत नाही. पण कधी त्याच्या हातात त्याचा पानाही द्या.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्यातल्या एका टूलरूमवाल्याने शाळेत मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचे उपकरण, नेला होता. सातवीतल्या एका मुलीने आपला एक केस त्यात धरला, रॅचेट टकटक वाजेपर्यंत फिरवला आणि बोट ठेवून रेघा मोजल्या. ०.०७ मिलिमीटर. मग तिने शेजारणीचा केस मोजला, मग गुरुजींचा. तासाभरात वर्गातल्या सगळ्यांचे केस मोजून झाले आणि फळ्यावर मोठा तक्ता तयार झाला. आमच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असायची आणि जिल्हा परिषदेची शाळा शनिवारी सकाळची भरते. म्हणजे तेव्हाही मनात आणले असते तर प्रत्येक शनिवारी जाता आले असते. इतकी वर्षे हे माझ्या ध्यानात आले नाही, याची मला खंत आहे.

आता या पत्राचे खरे निमित्त. पेठ, त्र्यंबकेश्वर, सुरगाणा या पट्ट्यात पाऊस धो-धो पडतो, पण काळा कातळ आणि तीव्र उतार यामुळे पाणी पश्चिमेकडच्या नद्यांना वाहून जाते. एप्रिल-मेमध्ये याच गावांना टँकर लागतात. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वनराई बंधारा. पाऊस ओसरला की ओहोळ वाहता असतानाच पोत्यांत माती किंवा वाळू भरायची, तोंडे शिवायची आणि विटांसारखा सांधा चुकवत थर रचायचे. तळाशी रुंद, वर निमुळता. पोत्यांमधल्या पोकळीत माती ठोकून भरायची. पंचवीस माणसे असली तर अर्ध्या दिवसात बांधून होतो. पोती सिमेंटची किंवा धान्याची हवीत. रसायनाची कदापि वापरू नयेत.

गावकऱ्यांना ही कला येत नाही असे मुळीच नाही. अडचण वेगळीच आहे. बंधाऱ्याचे दिवस आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या छाटणीचे दिवस नेमके एकच येतात. पोटासाठी धडधाकट माणसे तिकडे जातात. पाड्यावर उरतात म्हातारी माणसे आणि लेकरे. ओहोळाला पाणी असते तेव्हा अडवायला हात नसतात, आणि हात परत येतात तेव्हा ओहोळ कोरडा पडलेला असतो. कारखान्यातल्या माणसांनी यावे ते याच दिवसांत. एका शनिवारी पंचवीस जण आले तरी पुरे. गेल्या वर्षी आम्ही बांधलेल्या बंधाऱ्यामुळे खालच्या विहिरीला होळीपर्यंत पाणी होते. एरवी संक्रांतीनंतरच ती तळाला जाते. पाड्यावरच्या एका आजींनी आम्हाला दोर दाखवला. दरवर्षी त्याला जोड द्यावी लागायची, या खेपेला लागली नव्हती.

पहिल्या मोठ्या पावसात हा बंधारा वाहून जातो. तो दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. म्हणून ज्या कंपनीला एकदा येऊन जायचे आहे, तिने या कामात पडू नये. ज्यांना पाच वर्षे यायचे आहे, त्यांनी ग्रामपंचायतीला विचारून एक ओहोळ धरावा आणि तो सोडू नये.

आपल्यालाही एक विनंती आहे. वृक्षारोपणाचे छायाचित्र छापलेत की वर्षभराने त्याच जागी आपला छायाचित्रकार पाठवा आणि ते छायाचित्र पहिल्याच्या शेजारी छापा. झाडे जगली असतील तर त्या कर्मचाऱ्यांचे नावानिशी कौतुक करा. मग पुढच्या वर्षी रोप लावणारा माणूस पिशवी फाडल्याशिवाय राहणार नाही.

यंदा आमचा बंधारा दिवाळीआधीच्या शनिवारी ठरला आहे. ओहोळ अठरा फूट रुंद आहे. सुतळी आणि दाभण जमले, जेवण पाड्यावरच्या बाया करणार आहेत. साडेचारशे पोती लागतील, त्यातली तीनशे मिळाली.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर
सातपूर, नाशिक