खोडलेलं दिसत नाही

योतेबोरी, स्वीडन
४ डिसेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी बाहेर, घरात स्वेटरही लागत नाही, तेव्हा आई, लोकरीचं काही पाठवू नकोस. साडेतीनला अंधार पडतो, त्याचीही सवय झाली. जेवते वेळेवर.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सगळं कॉम्प्युटरच शिकवतो, मग तुला पगार कशाचा देतात?" हसले मी, पण लागलं. म्हणून हे पत्र.

आधी एक सांगते, रागावू नका. इथे पोरं मला मॅडम म्हणत नाहीत. नुसत्या नावाने हाक मारतात, आणि तीही 'डू' म्हणून, म्हणजे चक्क आपलं 'तू'. अकरा वर्षांचं पोर वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतं, "तू इकडे ये ना!" हा उद्धटपणा नाही. पूर्वी इथेही हुद्दा लावूनच बोलायचे. १९६०च्या दशकाच्या शेवटी ते सुटलं. आता डॉक्टर, साहेब, मुख्याध्यापक, सगळेच 'तू'. राजघराणं तेवढं वगळून. पहिला महिनाभर दर हाकेला मी दचकायचे. आता एखाद्याने आदराने बोलावलं तर वाटतं, याने काहीतरी मोडलेलं दिसतंय.

तर अशाच एकाने हाक मारली. क्रोमबुकवर, म्हणजे छोट्या लॅपटॉपवर, अपूर्णांकांची बेरीज, १/२ अधिक १/३. लाल फुली, परत लाल फुली, तिसऱ्यांदा हिरवी खूण. माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे 'पूर्ण' असं आलं. मी त्याला कोरा कागद दिला आणि म्हटलं, आता इथे कर. त्याने अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ लिहिलं! मशीनवर शेजाऱ्याचं पाहून ५/६ टाकलेलं. तुम्ही ओरडायचात ना, "पुसू नका रे, आधी पाटी दाखवा"? ते मला इथे येऊन कळलं. पडद्यावर खोडलेलं दिसत नाही.

पण म्हणून हा कॉम्प्युटरचा डबा फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. वर्गात एक मुलगी आहे, घरी अरबी बोलतात. स्वीडिश उदाहरण वाचता येईना म्हणून तीन आठवडे गप्प. हेडफोन लावून तेच उदाहरण तिने तिच्या भाषेत ऐकलं आणि बोट वर केलं. गणित तिला येतच होतं हो. हे खडू-फळ्याने माझ्याकडून झालं नसतं.

इथल्या सरकारलाही पुस्तकं आठवली आहेत. २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर काढले. आणि तुम्ही तरी कुठे एवढे विरोधात आहात? २०२० मध्ये परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा क्यूआर कोडवाल्या पुस्तकांचं कात्रण मला कोणी पाठवलं होतं?

पैसे मंगळवारी पाठवलेत. त्यातून आधी चष्मा करा, कौलं नंतर. आई, कराडच्या स्थळाला नाही म्हणू नकोस, हो पण म्हणू नकोस. मुलाचा फोटो पाहिला. बरा आहे. जूनच्या मध्याला शाळेला सुट्टी लागते, तेव्हा येते आणि बघते. दिवाळीलाही असंच म्हणाले होते, माहीत आहे.

आणि बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर व्हिडिओ कॉलवर तुम्ही पट्टी बांधून हसत होतात, तेव्हा मध्येच फोन बंद झाला. रेंज गेली, असं मी नंतर सांगितलं. रेंज गेली नव्हती.

ड्रॉप्स दिवसातून चार वेळा घालायचेत, आईला विचारेन.

तुमची,
धाकटी