यूएसबी 3.0 कार्डासोबत विंडोज 7 वर न चालणारा ड्रायव्हर दिल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

अंबाजोगाई येथे माझा फोटो स्टुडिओ असून लग्नसराईत दररोज 64 जीबीची दोन-तीन मेमरी कार्डे संगणकात उतरवून घ्यावी लागतात. यूएसबी 2.0 पोर्टवर एका कार्डाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ जात असल्याने आपले यूएसबी 3.0 चे पीसीआय एक्सप्रेस कार्ड (संगणकाच्या आत बसवून जादा पोर्ट देणारे) मी विकत घेतले. त्याच्या खोक्यावर ‘विंडोज 7, 8 व 10’ असे ठळक छापलेले आहे.

माझ्या संगणकावर 64 बिट विंडोज 7 आहे, कारण अल्बमचे सॉफ्टवेअर आणि फोटो प्रिंटर त्यावरच चालतात. एक्सएचसीआय कंट्रोलरचा (यूएसबी 3.0 पोर्ट चालविणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीला ती चिप वापरता यावी यासाठीचे सॉफ्टवेअर, विंडोज 8 पासून प्रणालीतच येतो, विंडोज 7 मध्ये तो कार्ड विकणाऱ्याने द्यावा लागतो, हे मला ठाऊक होते. मात्र आपल्या सीडीतील ड्रायव्हर टाकताच डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह आणि ‘कोड 52’ दिसतो. म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पडताळता येत नाही आणि प्रणाली तो सुरूच करीत नाही. एसएचए-2 या नव्या पद्धतीची सही विंडोज 7 ला ओळखता यावी यासाठीचे अपडेटही मी आधीच टाकलेले आहे.

आपल्या प्रतिनिधीने एफ8 दाबून सहीची तपासणी बंद करण्यास सांगितले. ही सवलत संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते, आणि आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते ते वेगळे सांगावयास नको. ‘ड्रायव्हर नसला तरी 2.0 च्या वेगाने चालेल’ हे त्यांचे म्हणणे तर साफ चुकीचे आहे. या कार्डावरील पोर्टचा 2.0 चा भागही त्याच कंट्रोलरकडून चालतो, त्यामुळे ड्रायव्हरविना तेथे साधा माऊससुद्धा चालत नाही. त्यानंतर आपण कार्ड बदलून दिले, परंतु सोबत सीडी तीच आली.

दोष कार्डात नाहीच. हेच कार्ड पुतण्याच्या लिनक्स संगणकात कोणत्याही सीडीविना पूर्ण वेगाने चालले. लिनक्स कर्नेलमध्ये (त्या प्रणालीच्या गाभ्यात) 2009 सालच्या 2.6.31 आवृत्तीपासून एक्सएचसीआयचा ड्रायव्हर आहे. म्हणून तिसरे कार्ड कृपया पाठवू नये.

विंडोज 7 वर चालेल असा, वैध सही असलेला ड्रायव्हर 15 दिवसांत द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी, अन्यथा खोक्यावरील मजकुरासह बीड येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मला दाद मागावी लागेल.

आपला ग्राहक,
स्टुडिओचालक, अंबाजोगाई, जि. बीड

सोबत: पावतीची प्रत, खोक्याचे व ‘कोड 52’ चे छायाचित्र