गाठ आधी तुमच्या हाताला लागली, मामा

आदरणीय मामा, नमस्कार.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुम्ही शेवटून दुसरे आलात, तेही ‘प्राणीगृहातील कर्मचारी’ म्हणून. ते मनाला टोचत राहिलं, म्हणून हे उघड पत्र.

आपल्या सांगलीच्या हळदीचा अर्क उंदरांना वर्षभर पाजायचा, असा माझा प्रयोग. पाठीवर ओळखीसाठी पिक्रिक रंगाचे दोन पिवळे पट्टे ओढलेली ती मादी आठवते? तिचं वजन वाढतंय म्हणून मी खूश होते. पिंजरा धुताना तुम्ही तिला उचललंत नि म्हणालात, "ताई, हिच्या काखेत काय लागतंय बघा." सुपारीएवढी गाठ! माझे हातपायच गळाले. कॅन्सर, आणि तोही माझ्या अर्कानं? वरून सल्ला आला, "तो उंदीर आकडेवारीतून काढून टाक."

तुम्ही गाठीवर बोट फिरवलंत. "सरकतीया की. चिकटल्याली न्हाई. ज्यास्नी औषधच न्हाई दिलं, त्यांच्यात बघितलं का?"

नव्हतं बघितलं. तिथंही दोघींना निघाल्या, एकीला तर जांघेजवळ.

मग वाचत बसले. उंदराच्या मादीला स्तनांच्या सहा जोड्या. ग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेली, म्हणून गाठ खांद्याशी आली तरी स्तनाचीच. आपल्या स्प्राग-डॉली जातीत वय झालेल्या माद्यांना त्या आपोआप येतात. दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा त्यात हात असतो, आणि सदा भरल्या ताटावर बसणाऱ्यांना जास्त येतात. (हे शेवटचं घरी आईला सांगितलं नाही.) तो एक उंदीर वगळला असता, तर दोन गटांची तुलनाच खोटी पडली असती.

तिची गाठ लिंबाएवढी होऊन जमिनीला घासायला लागली, तेव्हा तुम्ही भुसा जाड पसरलात, बाटलीची नळी खाली आणलीत. कातडी फाटल्यावर पशुवैद्यांनी तिला वेदनेतून शांतपणे, कायमचं सोडवलं. मिरजेहून गाठीच्या स्लाईडचा रिपोर्ट आला: फायब्रोॲडेनोमा. साधी गाठ, सहसा न पसरणारी.

तुमच्या लाल वहीतली पानं, ‘गाठ, सुपारी’, ‘गाठ, लिंबू’, तारखांसकट मी परिशिष्टात लावली. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यांच्यावरच आला: "ही नोंद कुणाची?"

तुमचं नाव सांगितलं, मामा. रविवारी वही परत द्यायला येते.

तुमची,
दोन पिवळ्या पट्ट्यांवाली ताई