आबा, 'असिस्टंट' या शब्दाबद्दल

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
सप्टेंबरचा शेवटचा रविवार

तीर्थरूप आबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं फोनवर बोलणं होतंच. पण गेल्या रविवारी आबा "बरं, तुझी मर्जी" एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर असल्या विषयावर बोलायला लागलं की मला रडू येतं, आणि मग तुम्हाला वाटतं इथे काहीतरी बिनसलंय. काहीही बिनसलेलं नाही. चिमणीचा खोकला पूर्ण गेला. ह्यांची नोकरी व्यवस्थित आहे, कपातीच्या बातम्या बघून आईने झोप घालवू नये. आई, तू व्हॅली फीव्हरबद्दल कुठेतरी ऐकलंस म्हणून घाबरली आहेस. तो आजार इथल्या मातीतल्या बुरशीमुळे होतो, धुळीतून छातीत जातो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मी दवाखान्यात असते, शेतात नाही. तेव्हा ती काळजी आजपासून बंद.

आता मुद्द्याचं. "डॉक्टर झालेली पोरगी पुन्हा शाळेत जाऊन असिस्टंट होणार, पारावर कुणी विचारलं तर सांगू काय?" आबा, हे तुम्ही मला नाही, आईला म्हणालात, पण मला ऐकू आलं. तुम्ही माझ्या बीएएमएसच्या फीसाठी दोन वर्षं भाव नसताना बेदाणा विकलात, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच नीट सांगते.

इथल्या कायद्यात बीएएमएस म्हणजे डॉक्टर नाही. पूर्ण डॉक्टर व्हायचं तर पुढची निदान सात-आठ वर्षं जातील, आणि मी चौतीस वर्षांची आहे. फिजिशियन असिस्टंट, इथे सगळे पीए म्हणतात, त्याला सव्वादोन वर्षं लागतात. पहिलं वर्ष वर्गात, मग वॉर्डात. शेवटी देशपातळीची परीक्षा. त्यानंतर पीए रुग्ण तपासते, निदान करते, तपासण्या लिहिते, औषध लिहून देते. डॉक्टरशी तिचा लेखी करार असतो, अडलं तर ती त्याला विचारते. पिशवी धरून मागे उभी राहणारी बाई म्हणजे पीए नव्हे. 'असिस्टंट' हा शब्द त्यांनाही खटकतो. २०२१ साली त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'फिजिशियन असोसिएट' असं नाव घ्यायचं ठरवलं आणि २०२४ साली ओरेगॉन राज्याने ते कायद्यातही आणलं. पारावर तेच सांगा हवं तर. पण मला स्वतःला शब्दाचं काही वाटत नाही, आबा, खरंच नाही.

हे काम सुरू कसं झालं ते वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी चार जणांची पहिली तुकडी घेतली. चौघेही नौदलातून परतलेले. तिथे त्यांनी जखमा शिवल्या होत्या, माणसं वाचवली होती. गावी परत आल्यावर त्या शिक्षणाला कागदावर काही किंमत नव्हती, आणि दुसरीकडे डॉक्टर पुरत नव्हते. चौघांतले तिघे १९६७ साली बाहेर पडले. हातात विद्या आहे पण कागदावर ती धरत नाहीत, म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि आता ते तासांचं. आई दर वेळी विचारते, "तास तास काय करतेस गं सारखी?" तर ऐक. इथे पीएच्या कॉलेजात अर्ज करायचा तर नुसते मार्क चालत नाहीत, रुग्णाजवळ किती तास घालवले ते लिहून द्यावं लागतं. खरोखर तास. सकाळी आठला बीपी घ्यायला लागले आणि साडेबाराला जेवायला उठले, तर साडेचार तास. जेवणाचा अर्धा तास धरायचा नाही. त्यातही मुख्य रकाने चार. रुग्णाला हात लावून केलेलं काम एका रकान्यात. दवाखान्यातच, पण फोन घेणं, फायली लावणं, असलं काम दुसऱ्यात, आणि त्याला वजन कमी. तिसरा रकाना सेवेचा, मंदिरात अन्नदानाला वाढायला गेले तर तो. आणि चौथा सगळ्यात नवलाचा, त्याला शॅडोइंग म्हणतात, म्हणजे सावली होणं. एखाद्या पीएच्या मागे कोपऱ्यात उभं राहायचं, बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, आणि तेही तास मोजायचे. एक तास दोन रकान्यांत घालता येत नाही. मी इंजेक्शन देता देता पीएचं बोलणं ऐकत असले, तरी तो तास इंजेक्शनचाच. प्रत्येक ठिकाणच्या साहेबाचं नाव आणि फोन नंबर द्यायचा, ते हवं तर फोन करून खात्री करतात. गावाकडच्या दवाखान्यातली माझी दोन वर्षं काही कॉलेजं धरतात, काही धरत नाहीत. म्हणून मी इथे मेडिकल असिस्टंट म्हणून, म्हणजे बीपी घेणारी, इंजेक्शन देणारी मदतनीस म्हणून, पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. आज ३१४० तास भरलेत, सावलीचे १२० वेगळे. फ्रिजवर चिमणीच्या चित्राशेजारी माझा तक्ता लावलेला आहे. रोज रात्री ती विचारते, "आज किती?" आणि स्वतः पेनाने आकडा लिहिते.

तासांत जे मावत नाही असंही एक सांगायचंय.

आमचा दवाखाना शेतमजुरांचा आहे. फी मिळकतीप्रमाणे, आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. मागच्या महिन्यात संध्याकाळी आमची गाडी मळ्यांकडे गेली होती. इथे सध्या बेदाण्याचा हंगाम. आबा, तुम्ही बघाल तर थक्क व्हाल. रॅक नाही, शेड नाही, घड बुडवायचं डिपिंग ऑइल नाही. दोन ओळींमधल्या मातीवर कागद अंथरतात आणि घड तसेच उन्हात टाकतात. वेल थॉमसन जातीच्या द्राक्षाचीच. आपली तास-ए-गणेश जात आपल्याच तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनमधून निवडली, हे तुम्हीच मला बांधावर सांगितलं होतंत. त्या थॉमसनला नाव मिळालं ते इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या, विल्यम थॉमसन नावाच्या शेतकऱ्यावरून. म्हणजे मी काही अगदीच परक्या मळ्यात आलेली नाही.

तर त्या दिवशी एक बाई आली. मेक्सिकोतल्या वाहाकाची. स्पॅनिशही तिला तुटक येतं, तिची भाषा मिश्तेको. पन्नाशीची असेल, रुमाल चेहऱ्यावरून नुकताच सोडलेला. बोटाला टोचून साखर बघितली, तर ३१२. माझ्या शेजारी बसलेली दवाखान्यातली मुलगी लगेच लिहायला लागली. माझं लक्ष त्या बाईच्या हातांकडे गेलं. बोटं काळी, चिकट, नखांच्या कडेला रस वाळून बसलेला. आई, हंगामात तुझे हात दिसतात ना, चूल पेटवायलासुद्धा आधी राखेने घासावे लागतात, अगदी तसे. मी म्हटलं, थांब, लिहू नकोस. गरम पाणी घेतलं, साबण लावून तिची बोटं एकेक करून धुतली, पुसली, दुसऱ्या बोटाला टोचलं. ११८. द्राक्षाची साखर होती ती, रक्तातली नव्हतीच.

आमच्या गाडीवरच्या पीएने हे बघितलं. ती डेलानोच्या मजुरांच्या घरातली, फ्रेस्नोच्या दक्षिणेला. तिचे आजोबा १९६५ च्या तिथल्या द्राक्षमजुरांच्या संपात होते. फिलिपिनो मजुरांनी सुरू केलेला, मग मजूरनेते सेझर चावेझ यांची माणसं मिळाली, पाच वर्षं चालला. ती काही फार बोलली नाही. उंच स्टूल बाजूला सरकवून खाली बसली, त्या बाईपेक्षा खाली, आणि दुभाष्याला फोन लावून विचारायला लागली की सावली मिळते का, पाणी किती वेळा पिता, फवारणीनंतर किती वेळाने आत सोडतात. परत येताना मला म्हणाली, "तू अर्ज करच." मी त्याच रात्री अर्ज पाठवला.

आता आबांचा खरा प्रश्न. "गरिबांचीच सेवा करायची तर आपल्या उपकेंद्राने काय घोडं मारलं होतं? तिथे कोण आहे?" आबा, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. बीएएमएसला असताना आम्हाला जामखेडला नेलं होतं, डॉ. आरोळे पती-पत्नींनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात. शाळेत न गेलेल्या बायका तिथे बाळंतपणं सांभाळत होत्या, आणि त्यांचं ऐकायला आम्ही वह्या घेऊन बसलो होतो. तेव्हा मी ठरवलं होतं की आपल्याच भागात राहायचं. मग लग्न झालं, इथे आले, बरीच वर्षं गेली. मी गाव टाकलं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मीच म्हणते, कधी कधी रात्री. पण हे घर, चिमणीची शाळा, ह्यांचं काम उचलून परत यायचं धाडस आज माझ्यात नाही. मग जिथे आहे तिथे तरी, जिथे डॉक्टर जायला तयार होत नाहीत तिथे जावं, एवढंच मला कळतं. हे पळवाट काढल्यासारखं वाटलं तर वाटू दे, मला ते खरं वाटतं.

आता चार गोष्टी भरभर सांगून टाकते, नाहीतर राहतील.

प्रवेश मिळाला. पत्र बुधवारी आलं. पहिलं हे तुम्हालाच सांगायचं होतं आणि मी ते शेवटी लिहितेय. वर्ग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू.

फी एक लाख डॉलरच्या वर आहे. आबा, कृपा करून रुपयांत गुणाकार करू नका. बहुतेक कर्ज काढलंय, आणि ते फेडायची सोय आहे. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर म्हणून सरकारी योजना आहे, डॉक्टर-पीएंची टंचाई असलेल्या भागात निदान दोन वर्षं काम केलं तर कर्जाचा मोठा भाग ते भरतात. पण ती फक्त इथल्या नागरिकांना मिळते. ग्रीन कार्डाला पुढच्या वर्षी पाच वर्षं होतील, तेव्हा मी नागरिकत्वाचा अर्ज करणार आहे. म्हणजे आपला पासपोर्ट जमा करावा लागेल, मतदानही जाईल. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, येण्याजाण्याला व्हिसा लागत नाही, त्यात काही फरक पडत नाही. तरी आईला हे तुम्ही सांगा, मला फोनवर जमणार नाही.

शेडच्या पत्र्यांसाठी तीन लाख पाठवणार होते. या वर्षी एकच पाठवते. बाकीचे जागा पक्की करायला आणि पुस्तकांना गेले. हे म्हणाले की आपण कुठूनतरी जमवू, मीच नको म्हटलं.

आणि छोट्याचं लग्न. जानेवारीच्या शेवटची तारीख तुम्ही माझ्या सुट्टीकडे बघून धरलीत, मला माहीत आहे. मला येता येणार नाही. पहिल्या सत्रात एक आठवडासुद्धा गैरहजर राहू देत नाहीत, मी दोनदा विचारलं. ज्याने माझ्यासाठी नाशिकला जाऊन विद्यापीठातून माझ्या मार्कांची ट्रान्सक्रिप्ट काढून पाठवली, त्याच्याच लग्नाला मी नसणार. तारीख बदलू नका. पुढे काढणी सुरू होते, आणि मुलीकडच्यांचा हॉल ठरलाय. त्याला मी स्वतः फोन करीन, तोवर कुणी काही बोलू नका. नव्या सुनेच्या बांगड्यांचे पैसे वेगळे ठेवलेत, त्याला हात लावलेला नाही.

करवली म्हणून काकांच्या धाकटीला उभी करा. माझी हिरवी पैठणी लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. तिला तीच नेसवा. ब्लाऊज तिला सैल होईल, तेव्हा दिवाळीच्या गर्दीआधीच शिंप्याकडे टाका.

चिमणीचा आजी-आबांना पापा.

तुमची लेक