आजीची साखर आणि तिचा मेंदू

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजी आषाढीच्या आधी तुझ्याकडे ठाण्याला येणार हे ठरल्यापासून तू जी तयारी चालवली आहेस, ती पाहून समाधान वाटते. मात्र परवा तू जे कळवलेस, त्यातल्या एका वाक्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. तिच्या मधुमेहाचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, ७.८ आहे, ते साडेसहाच्या खाली आणून दाखवीन, म्हणजे तिचा विसराळूपणाही आटोक्यात येईल, असे तू म्हणतेस. डॉक्टरांनी तो आकडा दुर्लक्षामुळे तिथे राहू दिलेला नाही. वयाच्या ७८ व्या वर्षी, साखर एकदम उतरवू शकणारी गोळी चालू असताना, त्यांनी तो जाणूनबुजून तिथे ठेवला आहे, आणि त्यामागच्या कारणांत तिच्या मेंदूचाही मोठा वाटा आहे.

आधी साखर उतरण्याबद्दल लिहितो, कारण आजीच्या बाबतीत जवळचा धोका तोच आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधूनच मिळवतो. स्नायूंकडे ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा असतो, शिवाय त्यांना चरबीवरही निभावून नेता येते. चेतापेशीचे, म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशीचे, पोट मात्र हातावर असते. तिच्याजवळ साठवण जवळजवळ नसते, चरबी जाळून काम भागवणे तिला जमत नाही, आणि दीर्घ उपवासात यकृत जी कीटोन द्रव्ये तयार करून मेंदूला तगवते, ती गोळीने वाढवलेल्या इन्शुलिनमुळे नेमकी अशा वेळी तयार होत नाहीत. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक असे इशारे मिळतात. ती ५४ च्या खाली गेली की खुद्द चेतापेशींचेच काम अडखळू लागते. त्याही खाली फेफरे किंवा बेशुद्धी येऊ शकते, आणि ती अवस्था लांबली तर पेशी कायमच्या मरतात. त्यांत स्मृतीचे काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी विशेष नाजूक असतात.

गेल्या कार्तिकी एकादशीला हे मी डोळ्यांनी पाहिले. आजीने सवयीप्रमाणे सकाळी ग्लायमेपिराइड, म्हणजे ती साखर उतरवणारी गोळी, घेतली होती आणि वर फक्त चहा. साडेदहाच्या सुमारास ती देवघराशी वाती वळत बसली होती. एकच वात ती पुन्हापुन्हा वळत राहिली, इतकी की कापसाची दोरी होऊन तुटली, तरी बोटे चालूच. काय झाले म्हणून विचारले तर माझ्यावर खेकसली. तुला ठाऊक आहे, तो तिचा स्वभाव नव्हे. कपाळ ओले होते. ग्लुकोमीटरवर ४८ आले. साखरपाणी पाजल्यावर काही वेळाने तीच शांतपणे म्हणाली, ‘अरे, तुम्ही सगळे इथे कशाला जमलात?’ मधला वेळ तिला आठवतच नव्हता. मोठ्या वयात घाम-थरथर हे इशारे बोथट होतात आणि बावचळणे किंवा चिडणे हेच पहिले लक्षण म्हणून पुढे येते. वारंवार साखर उतरत राहिली तर ते इशारे आणखीच मंदावतात. म्हणून आजी अकारण रागावली तर वाद घालू नकोस, आधी तिचे बोट टोचून साखर पाहा.

कॅलिफोर्नियातील १६ हजारांहून अधिक मधुमेहींच्या नोंदी तपासून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर उतरून रुग्णालयात जावे लागण्याची वेळ ज्यांच्यावर तीन किंवा अधिक वेळा आली होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट आढळला. यात एक पेच आहे, तोही सांगतो. ज्याचे विसरणे आधीच सुरू झाले आहे तो गोळी दोनदा घेतो किंवा जेवण विसरतो, त्यामुळेही साखर उतरते. तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासातून पुरते वेगळे करता येत नाही. आपल्यासाठी मात्र दोन्हींचा निष्कर्ष एकच निघतो: तिची साखर उतरू द्यायची नाही.

आता वाढलेल्या साखरेकडे येतो. स्नायूत ग्लुकोज शिरण्यासाठी इन्शुलिनची परवानगी लागते. चेतापेशीला ती प्रामुख्याने लागत नाही. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की मेंदूतही ती जास्तच पोहोचते, आणि त्या जादा साखरेचा एक भाग आडवाटेने सॉर्बिटॉलमध्ये बदलतो. या बदलात पेशीची जी रसद खर्च होते, तीच एरवी विषारी ऑक्सिजन-रेणूंना निकामी करायला हवी असते, त्यामुळे पेशीचे संरक्षण दुबळे होते. दुसरीकडे साखर प्रथिनांना चिकटून त्यांना ताठर करते. एचबीए१सी म्हणजे तरी काय, गेल्या दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली याचे मोजमापच. हिमोग्लोबिन असलेली लाल पेशी सुमारे चार महिन्यांत बाद होऊन नवी येते, पण बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात आणि लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधली काही प्रथिनेही वर्षानुवर्षे तशीच असतात. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या याच बारीक रक्तवाहिन्या. त्या जाड आणि अरुंद झाल्या की मेंदूच्या खोल भागातील, एका पेशीकडून दुसरीकडे जाणाऱ्या तंतूंना रक्त अपुरे पडते. आजीच्या एमआरआयच्या अहवालात श्वेतद्रव्यात, म्हणजे या तंतूंच्या पांढऱ्या भागात, ठिपके लिहिलेले आहेत, ते बहुधा याचेच. आणि त्यात साखरेइतकाच, कदाचित अधिक, हात तिच्या रक्तदाबाचा आहे.

तिसरी गोष्ट खुद्द इन्शुलिनची. माझ्या विद्यार्थिदशेत, आणि पुढे वर्गात शिकवू लागलो तेव्हाही, इन्शुलिनचा मेंदूशी काही संबंध नाही असेच पुस्तकात असे. खरे तर १९७८ मध्येच उंदरांच्या मेंदूत इन्शुलिनचे ग्राहक, म्हणजे इन्शुलिनला धरून घेणारे पेशींवरचे रेणू, सर्वत्र पसरलेले सापडले होते, पण पुस्तकांतला तो समज मोडायला वेळ लागला. इन्शुलिन तिथे साखर आत घेण्यापेक्षा चेतापेशींमधले सांधे बळकट करण्याचे, म्हणजे शिकण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे काम करते. टाइप २ मधुमेहात जसे स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत, तसे मेंदूतही घडते असे पुरावे आहेत. शिवाय इन्शुलिन मोडणारे विकर (एन्झाइम) अल्झायमरमध्ये साचणारे बीटा-अमायलॉइड हे प्रथिनही मोडते, त्यामुळे इन्शुलिन फार वाढले तर ते विकर त्यातच गुंतून पडत असावे, असा एक तर्क आहे. मात्र यावरून अल्झायमरला ‘टाइप ३ मधुमेह’ म्हणण्याची जी टूम निघाली आहे, ती मला उतावळी वाटते. हॉलंडमधील रॉटरडॅमच्या पाहणीत १९९९ साली मधुमेहींमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट दिसला, हे खरे. पण बहुसंख्य मधुमेहींना तो आजार होत नाही, हेही तितकेच खरे.

मग साखर कडक ताब्यात आणली की मेंदू वाचेल, हा तुझा तर्क सरळ आहे आणि तो तपासूनही झाला आहे. अमेरिका व कॅनडातील ‘ॲकॉर्ड’ या मोठ्या चाचणीत एका गटाचे एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्याचे ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवले गेले. ४० महिन्यांनंतर कडक नियंत्रणातल्या गटाच्या मेंदूचे आकारमान किंचित अधिक टिकलेले दिसले, पण स्मृती आणि विचारांच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. उलट कडक गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग अधिक घडले आणि मृत्यूही अधिक झाले, म्हणून २००८ मध्ये त्या गटाचे कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. त्यातल्या लोकांचे सरासरी वय ६२ होते. आपली आजी ७८ वर्षांची आहे. तुझ्या वयाच्या मधुमेह्याला मी साडेसहाचाच आग्रह धरला असता, कारण त्याच्यापुढे तीस-चाळीस वर्षे आहेत आणि बारीक रक्तवाहिन्यांची हानी तेवढ्या काळात साचत जाते.

तिच्यात तुला काय दिसेल तेही लिहितो. १९२२ मध्ये, टोरांटोत माणसाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले त्याच वर्षी, वॉल्टर माइल्स आणि हॉवर्ड रूट या अमेरिकी संशोधकांनी मधुमेहींच्या स्मृतीच्या आणि अवधानाच्या चाचण्यांतील उणीव नोंदवून ठेवली होती. पुढच्या संशोधनात असे दिसते की मधुमेहात बुद्धी नाहीशी होत नाही, तिचा वेग मंदावतो. आजीला पुरणाचे प्रमाण आणि सगळ्या नातवंडांच्या तिथ्या तोंडपाठ आहेत. पण वाण्याने दिलेले सुटे पैसे मोजताना कोणी मध्येच बोलले की तिला पहिल्यापासून मोजावे लागते. तिला घाई करू नका, आणि तिच्या वतीने उत्तरेही देऊ नका. पण ओळखीची वाट चुकणे किंवा जेवल्याचेच न आठवणे असे काही दिसले, तर वयावर ढकलू नकोस, डॉक्टरांना दाखव.

ती बरीच वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी घेते आहे आणि शाकाहारी आहे. या दोन्हींमुळे बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्या उणिवेने तळपाय बधिर होणे व विसरणे ही मधुमेहासारखीच लक्षणे दिसतात. फरक एवढाच की हे वेळीच सापडले तर सुधारते. ठाण्याला पोहोचल्यावर पहिली तपासणी हीच करून घे. रक्तदाब आठवड्यातून दोनदा पाहा आणि संध्याकाळी तिला सोसायटीच्या आवारात अर्धा तास चालव. साखर ७० च्या खाली आली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून दे. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज, आणि सावरली की पोळी-भाजी खायला घाल. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नकोस, थेट रुग्णालयात ने. ग्लायमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून एकदा साखर वर आली तरी त्या दिवशी तिला एकटी ठेवू नकोस.

आषाढीचा उपवास ती सोडणार नाही, तेव्हा तो सोडण्याचा आग्रह धरू नकोस. दशमीलाच डॉक्टरांना फोन करून त्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची ते विचार आणि कागदावर लिहून फ्रीजवर लाव. साबुदाण्याची खिचडी वाटीभरच, सोबत दाणे आणि दही, म्हणजे साखर एकदम उसळणार नाही.

बी१२ चा अहवाल आला की त्याचा फोटो मला पाठव.

तुझे,
बाबा