साल्हेरवर एकट्याने मुक्काम : बंदी नको, नोंद हवी

मा. संपादक,
स. न.

गडांवर एकट्यादुकट्याला रात्री राहू देऊच नये, अशी मागणी करणारे वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. हेतू चांगला आहे, पण पत्रलेखक कधी गडावर रात्री राहिले नसावेत, असे वाचताना वाटत राहिले. मी राहतो. एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. घर सटाण्यात, आणि गुडघे अजून ऐकतात. थंडी पडली की पाठीवर सॅक टाकून एकटाच साल्हेरवर मुक्कामाला जातो. आमच्या सौ.ला हे पसंत नाही, पण बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून देणे तिने कधी थांबवलेले नाही.

साल्हेरची उंची 1567 मीटर. राज्यात कळसूबाईच्या खालोखाल हेच शिखर आणि किल्ल्यांमध्ये तर सर्वांत उंच. 1672 साली मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात लोळवले ते याच्याच पायथ्याशी, मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे पडले तेही तिथेच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. या अकरांत आमचा साल्हेर आहे. तेव्हापासून आमच्या बागलाण तालुक्याबाहेरच्या लोकांनाही त्याचे नाव कळले. गर्दी वाढणार, आणि गर्दीमागून नियम येणार, हे ओघाने आलेच. म्हणून नियम करणाऱ्यांनी आधी वरचा मुक्काम कसा असतो ते ऐकावे.

पायथ्याच्या वाघांबे गावाहून निघाले की साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीपर्यंत दमछाक होते. तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट. एका हाताला कोरलेल्या गुहा, दुसऱ्या हाताला दरी. सूर्य कलायच्या आत गंगासागर तलावाशी पोचायचे हा माझा नेम. अंधारात वाट शोधण्याची हौस मला नाही. जवळच्या गुहेत मुक्काम करायचा तर आधी जमीन बघावी लागते. गुरे बसलेल्या जागेत पिसवा असतात आणि त्या रात्रभर झोपू देत नाहीत. दुसरे म्हणजे उंदीर. भाकरीची पिशवी उशाशी ठेवून झोपलात तर सकाळी पिशवीला भोक आणि भाकरीला कुरतडलेली कड. मी सॅक दोरीने टांगतो. लोक विचारतात, एकट्याला वर बिबट्याची भीती वाटत नाही का? मला उंदरांचा जास्त त्रास आहे.

सामान मोजकेच. पाणी, दोन बॅटऱ्या, शिट्टी, कानटोपी, कांबळे, छोटी शेगडी. तलावाचे पाणी फडक्याने गाळून उकळतो. लाकडे पेटवत नाही. डिसेंबर-जानेवारीत वरचे गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर अख्ख्या उतारावर वणवा. शेकोटीवर बंदी घाला, मी पहिला सही करतो. पावसाळ्यातल्या मुक्कामावरही घाला. धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही आणि पायऱ्यांवर शेवाळ असते.

पहाटे उठून वरच्या टोकाला, परशुरामाच्या मंदिरापर्यंत जातो. मंदिर लहानसे, आत पादुका. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण मोकळे केले, तो बाण इथून सुटला असे म्हणतात. वारा असा असतो की उभे राहायला पाय रोवावे लागतात. उजाडले की खाली सालोटा, लांब मुल्हेर-मोरा हे किल्ले, मांगी-तुंगी डोंगराची दोन टोके आणि पलीकडे गुजरातचा डांग. या अर्ध्या तासात शेजारी कोणी बोलायला नसले की बरे वाटते. यापलीकडे एकट्याने जाण्याचे कारण मला सांगता येणार नाही, आणि ते सांगायची सक्ती कोणावर असू नये.

आता धोक्याचे. एकट्या माणसाचा पाय मुरगळला तर खाली निरोप न्यायला कोणी नसते, हे अगदी खरे. खिंडीत मोबाइलचा भरवसा नाही. उतरताना घसाऱ्यावर पाय सरकतो तोही नेमका थकलेला असताना. पण शनिवार-रविवारी बसमधून उतरणारे चाळीस जणांचे गट सुरक्षित असतात, हा समज माझ्यासारख्या वाहकाला तरी पटत नाही. डोकी मोजण्यातच माझी सगळी नोकरी सरली. अनोळखी चाळीस जण वर निघाले की त्यांचा म्होरक्या पायथ्याशी एकदा मोजतो आणि नंतर थेट जेवणाच्या वेळी. मधे एक जण मागे राहिला तर ताट उरल्यावर कळते. मी एकटा असतो तेव्हा निदान माझा हिशोब चुकत नाही.

म्हणून माझी सूचना आमच्या खात्यातली आहे. डेपोतून गाडी सुटली की नोंद होते आणि वेळ टळून गेली तरी ती पोचली नाही की कंट्रोलर फोन फिरवायला लागतो. मुक्कामी गाडी एखाद्या आडगावात रात्रभर उभी असते, पण ती कुठे आहे हे कोणाला तरी ठाऊक असते. गडावरच्या मुक्कामाला एवढेच हवे. पायथ्याला नाव, घरचा फोन, कोणत्या वाटेने वर, कोणत्या वाटेने खाली आणि किती वाजेपर्यंत परत, हे लिहून घ्यावे. जाणाऱ्याला नंबर टाकलेली चिठ्ठी द्यावी, तिची दुसरी प्रत, म्हणजे स्थळप्रत, पुस्तकात राहावी. परत आल्यावर चिठ्ठी जमा. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत ती आली नाही की आधी मोबाइलवर, मग घरी फोन, मग गावातली वाट माहीत असलेली पोरे वर आणि 112 ला खबर.

आज हे काम माझ्यापुरते पायथ्याचा चहावाला करतो. "मास्तर, दहापर्यंत दिसला नाहीत तर पोरं धाडतो बघा," असे तो दर वेळी बजावतो. पण प्रत्येकाची चहावाल्याशी ओळख नसते.

यात दोन अडचणी आहेत, त्या आधीच सांगतो. साल्हेरला वाघांबे आणि साल्हेरवाडी अशा दोन वाटा. पुष्कळ जण एकीकडून चढतात आणि दुसरीकडून उतरतात. मग वाघांब्यात चिठ्ठी आली नाही म्हणून शोध सुरू आणि गडी साल्हेरवाडीत चहा पीत बसलेला. दोन्ही गावांनी संध्याकाळी एकमेकांना फोन केल्याशिवाय हे चालणार नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. मागे एक तरुण मुलगी एकटीच मुक्कामाला आली होती. पायथ्याशी चार जणांनी तिला घेरून कुठली, कोणाबरोबर, घरी माहीत आहे का, असे विचारून हैराण केले. मी तिच्यामागे दहा पावलांवर होतो, मला कोणी काही विचारले नाही. अशा मुलीचे नाव, नंबर आणि मुक्कामाची जागा हॉटेलच्या टेबलावर उघड्या वहीत पडून राहिली तर नोंद तिच्या सोयीची नव्हे, गैरसोयीचीच. तेव्हा वही पोलीस पाटलांच्या घरी कुलपात असावी आणि दुसऱ्याचे पान कोणाला दिसू नये.

साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या ताब्यात आहे, त्यामुळे त्यांची परवानगी लागेल, वनखात्यालाही विचारावे लागेल. बंदीचा फलक लावायला मात्र एक खांब पुरतो, म्हणून तोच सगळ्यांना सोपा वाटतो. फलक लागला की माझ्यासारखे ओळखीतले लोक मागच्या वाटेने जातील आणि वर कोण आहे हे कोणालाच कळणार नाही.

खर्चाचा प्रश्न निघाला तर सटाण्यातल्या छापखान्यातून शंभर चिठ्ठ्यांची दोन पुस्तके मी माझ्या पेन्शनमधून छापून देतो, एकेक दोन्ही गावांना. ती कोणाच्या हवाली करायची, एवढे दोन्ही ग्रामपंचायतींनी दिवाळीच्या आत कळवावे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
सटाणा, जि. नाशिक